मागच्या दिव्याने नेमके काय सांगावे?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी माजिवड्याहून गायमुखकडे जाताना चालकाची नजर बहुतेक वेळ पुढच्या वाहनाच्या पाठीवर असते, आणि तिथे दिसणाऱ्या लाल दिव्यावरून पुढचा नुसता वेग कमी करतो आहे, करकचून थांबतो आहे की केव्हाचाच बंद पडून उभा आहे, हे त्याने स्वतःच ताडायचे असते. मागून धडक बसली की 'अंतर राखले नव्हते' एवढ्यावर आपण विषय मिटवतो. अंतर राखलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु पुढच्या वाहनाने दिलेली सूचना संदिग्ध असेल, तर राखलेले अंतरही अपुरे पडते.

दिवे वाढवले किंवा अधिक प्रखर केले की काम झाले, असे मला वाटत नाही. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वोएव्होडस्की यांनी टॅक्सींच्या मागच्या काचेच्या तळाशी जादा ब्रेकलाइट बसवून पाहिला, तेव्हा मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे तो सगळ्याच गाड्यांवर दिसू लागल्यावर तिथल्या सरकारी मूल्यमापनात दीर्घकालीन घट ४.३ टक्के भरली. इतक्या स्वस्त दिव्यासाठी हा लाभही मोलाचाच आहे, पण नवलाई ओसरली की परिणाम किती उतरतो, हेही त्यातून दिसते. म्हणून प्रत्येक दिव्याचा अर्थ एकच आणि इतरांहून वेगळा असावा, हा माझा आग्रह आहे.

युरोपातील नव्या मोटारींत ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगात जोराचा ब्रेक लागला की मागचे दिवे वेगाने उघडझाप करतात. साध्या आणि निकराच्या ब्रेकमधला फरक सांगणारी ही सोय आपल्याकडेही सर्व नव्या वाहनांना सक्तीची करावी. मात्र त्याआधी बाजारातून आणून बसवलेले, सतत लुकलुकणारे ब्रेकलाइट काढायला लावले पाहिजेत, नाहीतर खऱ्या इशाऱ्याला कोण विचारणार? मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर धावणारी मंडळी हेच नुकसान करतात: त्यांची गाडी उभी आहे की चालू, आणि ती कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्याला कळत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न अवजड वाहनांचा आहे. कळंबोली, मुंब्रा बायपास आणि घोडबंदर या मार्गाने जाणाऱ्या अनेक कंटेनर ट्रेलरांच्या मागच्या लाल परावर्तक पट्ट्या धुळीने माखलेल्या असतात. बंद पडलेल्या ट्रकमागे त्रिकोणी रिफ्लेक्टरऐवजी दगड आणि झाडाची फांदी ठेवली जाते. ट्रक निघून गेला तरी दगड तिथेच राहतात, हा आणखी एक धोका. ट्रेलरच्या दिव्यांना वीज त्याला ओढणाऱ्या पुढच्या वाहनाकडून केबलने मिळते आणि तिची जोडणी सैल असली, तर मागे अंधार असतो. एकट्या चालकाला ब्रेक दाबून मागे जाऊन ते पाहताही येत नाही. त्यामुळे ठरावीक मुदतीने होणाऱ्या फिटनेस तपासणीवर विसंबण्याऐवजी कंटेनर यार्डाच्या फाटकावरच एका माणसाने प्रत्येक ट्रेलरचे ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पट्ट्या पाहाव्यात, आणि दिवा लागत नसेल तर ट्रेलर बाहेर सोडू नये. याला नवे तंत्रज्ञान लागत नाही, आणि दुरुस्ती बहुधा तिथल्या तिथेच होण्यासारखी असते.