गाडी कापायचीय? आधी सगळ्यांना विचारा

घरी एक प्रीमियर पद्मिनी असताना दुसरी आणणारा माणूस वेडा असतो, याबद्दल आमच्या सोसायटीत एकमत आहे आणि माझी त्याला हरकत नाही. पहिली 1991 ची, वडिलांची, खाडीच्या वाऱ्यानं आणि घोडबंदरच्या पावसानं खालून खाल्लेली. दुसरी नेरूळच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली, फक्त पार्ट्ससाठी. नऊ वर्षं इमारतीखाली उभी होती. टोइंगवर टाकून विटाव्याच्या पाणी तुंबणाऱ्या पुलाखालून ती आणली, आणि तो जुलै महिना होता. ठाणेकरांना एवढं पुरे. गेल्या रविवारी ती कापली. तुमच्याही दारात अशी एखादी उभी असेल आणि कापू की ठेवू असं चाललं असेल, तर माझा अनुभव फुकट घ्या.

सगळ्यात आधी, घाई करा. विचार करायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात सेक्रेटरींची दुसरी नोटीस येते. 'आवारातील बेवारस वाहन'. बेवारस! मालक तिसऱ्या मजल्यावर राहतो, मेंटेनन्स वेळेवर भरतो, पण गाडीवर धूळ आहे म्हणजे वारस मेला.

गाडी पारखायची ती लांबून. रंग उडालाय, टायर बसलेत, आत कबुतरानं संसार थाटलाय, झालं, कापायच्या लायकीची. खाली वाकून बघायचं नाही. वाकलात आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पतरा ठोकत गेलात, तर चांगला पतरा टण्ण वाजतो आणि पुट्टीखाली कुजलेला थप्प. मग तुमच्या लक्षात येईल की पार्ट्सची गाडी पुढपासून मागपर्यंत टण्ण वाजतेय आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सगळीकडून थप्प. असलं काही रविवारी सकाळी कळू नये. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे दोघींतली जिची बॉडी धड ती ठेवायची आणि दुसरीचे पार्ट्स काढायचे, एवढं सोपं गणित आहे. पण ते मांडलं तर वडिलांची गाडी कापावी लागेल. ते कोण मांडणार?

कागदांकडेही दुर्लक्ष करा. नेरूळच्या काकांनी पंधरा वर्षांनंतरही दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतली होती, गाडी जागेवरून हलवून, तपासणीला नेऊन. 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, तरी भरली. अशी जिवंत कागदांची गाडी कापायला काळीज लागतं. कापल्यावर कायद्यानं, मोटार वाहन कायद्याचं 55 वं कलम, चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि आरसी जमा करायची असते. त्याच चौदा दिवसांत कोणीतरी कानाशी येऊन म्हणतो, चेसिस नंबर कोरलेला तुकडा कापून आपल्या गाडीला वेल्ड मार, कोण बघतंय. या माणसाचा फोन जपून ठेवा. जामिनाला उपयोगी पडेल.

नटबोल्ट सगळे एका बादलीत टाका.

फोटो काढू नका. कुठलं काय होतं ते आठवतं.

वायरिंग पक्कडीनं तोडा, कनेक्टर सोडवत कोण बसतंय.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांना विचारा. मी मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला, "दाजी, कापून मोकळे व्हा." सेक्रेटरींना विचारायची गरजच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कोणे एके काळी पद्मिनी चालवली होती, त्या अधिकारात त्यांनी कापा म्हटलं. ऑफिसमधल्या एकाकडे स्वतःची पद्मिनी आहे, तो तर खास ऐरोलीहून आला, गाडीभोवती दोनदा फिरला, डिकी उघडून बघितली आणि म्हणाला, ठेवण्यात काही अर्थ नाही. मिस्त्री म्हणाला, "काट देते हैं साब, आधे घंटे का काम है." पाचाच्या पाच मतं कापण्याच्या बाजूनं. एकच माणूस विचारायचा राहिला. वागळे इस्टेटमधला तो डेंटर, जो हा कापलेला तुकडा माझ्या गाडीला प्रत्यक्ष जोडणार होता. रविवारी त्याची सुट्टी असते.

आणि मग रविवारी सकाळी दहा वाजता गॅस कटर आला. मला हवं काय होतं? डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड, म्हणजे दरवाजाखालची पट्टी, आणि मधल्या खांबाचं बूड, एकसंध. यासाठी काय करायला हवं होतं ते मला सोमवारी डेंटरनं सांगितलं, कपाळाला हात लावून. आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करायचा, म्हणजे कापताना चौकट हलत नाही. मग हव्या त्या भागाच्या पुढे-मागे वीतभर जास्त ठेवून कापायचं. गॅस कटर हव्या भागापासून लांबच वापरायचा, कारण त्या आचेनं पातळ पतरा पापडासारखा वाकतो. जवळचं काम ग्राइंडरच्या पातळ डिस्कनं. आणि जिथे कंपनीचे स्पॉट वेल्ड आहेत तिथे ड्रिलनं एकेक टाका सोडवायचा. दिवसभराचं काम आहे. आमच्या मिस्त्रीनं ते चाळीस मिनिटांत केलं. कुठून कापलं? बरोबर जोडावरून. रनिंग बोर्ड एकीकडे, खांब दुसरीकडे, आणि मला हवा असलेला चार बोटांचा तुकडा ठिणग्या होऊन पार्किंगच्या फरशीवर. खडूची एक रेघ मारली नव्हती. पाच जण उभे होते तिथे, हातात चहा, एकाच्या खिशात मेजरिंग टेप नाही! पेट्रोलची टाकी उतरवायलाही मी ओरडलो तेव्हा उतरवली. मिस्त्री म्हणे, खाली है साब. अरे, रिकामी आहे म्हणूनच तर भीती, आत वाफ भरलेली असते. हे बोलताना त्याच्या ओठात बिडी होती, पेटलेली.

इथवर मी बऱ्यापैकी हसत लिहीत होतो. आता जमत नाही.

कारण दुपारी जेवून खाली आलो तर गाडीचा मागचा बंपर नव्हता. क्रोमचा, एकही खड्डा नसलेला बंपर. ऐरोलीकर घेऊन गेला होता, "तुला काय उपयोग, तुझ्याकडे आहे की" असा मेसेज टाकून. काकांनी स्टिअरिंग व्हील नेलं, आठवण म्हणून. दोन्ही त्रिकोणी काचा मिस्त्रीच्या टेम्पोत. मेव्हण्यानं व्हीलकप उचलले, भिंतीवर लावणार आहे म्हणे, ठाण्यात आता कॅफे काढायचा विचार आहे. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ठेवण्यात अर्थ नाही असं जो जो म्हणाला, त्याची नजर एकेका पार्टवर होती. अख्ख्या गाडीतून काही मागता येत नाही, लाज वाटते. कापलेल्या गाडीतून कुणीही उचलतं.

आणि हे पार्ट मिळतात कुठे आता? कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ही गाडी बनायची तो कधीच बंद झाला. टॅक्सीवाले होते तोवर सीएसटी रोडच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांत काही ना काही सापडायचं. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनीची टॅक्सीही नाही. जी टॅक्सी नाही, ती गाडी दुकानदारानं का सांभाळावी? म्हणून एकेका धड पतऱ्याला किंमत आहे, आणि हे त्या पाचही जणांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मीही कमी मूर्ख नाही. नेरूळच्या काकांनी किल्ली देताना विचारलं होतं, "चालवणार ना?" मी हो म्हटलं. साफ खोटं. त्या बाईच्या अंगाला गंजाचा एक ठिपका नव्हता, नऊ वर्षं एका म्हाताऱ्यानं तिच्यावर कापड घातलं, हवा भरली, फी भरली, आणि मी तिला चहा पिता पिता चाळीस मिनिटांत संपवली, कारण पाच रिकामटेकडे माना डोलवत होते आणि मला नाही म्हणायला संकोच वाटला. एक दिवस थांबलो असतो. एका डेंटरला एक फोन केला असता. नाही केला.

ऐरोलीकर, तो बंपर शनिवारपर्यंत गेटवर वॉचमनकडे ठेव, नाहीतर मी येतो. काका, स्टिअरिंग तुमच्या शोकेसमध्ये मला खिडकीतून दिसतंय. आणि मेव्हणेबुवा, व्हीलकप चार होते. तीन नाही.