खुलासा : उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचत नाही

उसाचा हंगाम आला की एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो : भरलेली ट्रॉली उतारावर असताना ट्रॅक्टर न्यूट्रल करा, डिझेल वाचतं. हे चुकीचं आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

आधी डिझेलचं बघू. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाचे फेरे आयडलच्या (अ‍ॅक्सिलेटर न देता उभ्या इंजिनाचा किमान वेग) वर असतात, त्यामुळे डिझेल पंपातला गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांनुसार डिझेल कमी-जास्त करणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे डिझेल जळतच राहतं. वाचलं काय?

खरा धोका वेगळाच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मागचा सगळा ऊस ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि तो धरून ठेवतं ते इंजिन. न्यूट्रल केलं की सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, पकड सुटते. मग घाबरून गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही, कारण वेग वाढलेला असतो. क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलइतकंच वाईट. ही चूक तर जुने-जाणते ड्रायव्हरही करतात.

तोच उतार उलट बाजूने ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उताराच्या आधीच टाका. आणि रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल (डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचं वेगवेगळं) पट्टीने जोडा. शेतात वळताना सुटी केलेली तशीच राहिली, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो.

तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल, तर त्याखाली हे टाका.