सणासुदीला फ्रेममध्ये कसं बसावं

शनिवार-रविवारला जोडून सण आला की घरातलं पहिलं काम कोणतं? माळ्यावरून समया काढणं? मखराची जुळवाजुळव? छे! पहिलं काम म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या हुकमाची वाट बघत बसणं. तो येईपर्यंत साड्यांचं कपाट उघडू नका. उघडलंत तर एखादी आवडती साडी हाताला लागेल, ती नेसावीशी वाटेल, आणि मग तुमचं काही खरं नाही.

यंदा गौरी-गणपतीला आमच्या सासरच्या ग्रुपवर आलेला हुकूम असा: ‘डे वन पेस्टल. डे टू नऊवारी लूक, बट पेस्टल ओन्ली. डे थ्री इंडो-वेस्टर्न.’ खाली बदामांची रांग. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात, हे लक्षात ठेवायची कटकट आता उरली नाही. पंचांग भिंतीवर राहू द्या, डे वन-टू-थ्री पाठ करा.

इंडो-वेस्टर्न म्हणजे काय, असं मात्र विचारू नका. मी विचारलं. ‘काकू, क्रॉप टॉप आणि धोती पँट, इतकं सिंपल!’ खरंच सिंपल. गौरींच्या पाठवणीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा तो क्रॉप टॉपमध्ये, आणि तोही पोट झाकायला दोन पदर लागतील अशा वयात.

आता पेस्टलकडे, म्हणजे फिकट रंगांकडे वळू. तुमच्या कपाटात डाळिंबी असेल, चिंतामणी असेल, मोरपंखी, आमसुली, वांगी, राणी असेल. आईने दिलेली, सासूबाईंनी दिलेली, बारशात, डोहाळजेवणात, भाऊबीजेला आलेली. एकसुद्धा पेस्टल सापडणार नाही. देणाऱ्या बायकांचा हिशोब साधा होता: हळदीकुंकवाचा डाग पडला तरी दिसू नये आणि वीस वर्षं टिकावी. चुकलंच त्यांचं. फोटोत कसं दिसेल याचा विचार न करता साड्या घेत सुटल्या बिचाऱ्या. तेव्हा त्या साड्यांना पुन्हा डांबरगोळ्या घाला आणि गणपतीच्या आदल्या शनिवारी दादरला रानडे रोडवर जा. कंदील, मखरं, मोदकाचे साचे आणि मोबाइलची कव्हरं यांतून वाट काढत दुकानात पोहोचलात की काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे न बघताच म्हणेल, ‘लव्हेंडर ना? कालच संपला.’ 

नवरात्रात निदान हा त्रास कमी असतो. नऊ रंगांची ती टूम एका मराठी वर्तमानपत्रातून निघाली आणि आता वेदकाळापासून चालत आल्यासारखी पाळली जाते, पण तिच्यात शिस्त आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शनिवार राखाडी. वार बघायचा आणि निघायचं. कुठल्या देवीने शनिवारी राखाडी मागितला, हे विचारायचं नाही, एवढंच.

ब्लाउज: श्रावणात शिवायला टाका, पितृपक्षात नक्की मिळेल.

पैठणी घेणार असाल तर पेस्टलच घ्या, आणि दुकानात पदर उलटा करून बघू नका. हातमागावरची पैठणी उलट-सुलट दोन्हीकडून सारखीच दिसते. मोर, मुनिया, बांगडी-मोर, नारळी काठ, सगळं मागच्या बाजूलाही तितकंच स्वच्छ. येवल्याचा विणकर एकेक रंगाचा धागा हाताने गुंफत महिने घालवतो तो यासाठीच. तुम्हाला दीड हजारात मिळालेल्या सेमी पैठणीच्या मागे मात्र कापलेल्या धाग्यांच्या शेंड्या निघतील. निघू देत. फोटो सुलट बाजूचा निघतो. आणि घरी कुणी विचारलंच तर ‘येवल्याची’ म्हणा. दुकानाच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं.

पुरुषांसाठी सल्ला: कुर्ता. झालं.

(तयार धोतर घालणार असाल तर त्याचं इलॅस्टिक आरतीला उभं राहण्याआधी ओढून बघा. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात.)

नथ दाबाचीच घ्या. नाक टोचलेलं नसलं तरी चालतं. फक्त पुरण वाटताना ती कुठे पडते इकडे लक्ष असू द्या.

पायात कोल्हापुरी हवी. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे कुणाला पत्ताही नव्हता. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने तशाच चपला चालवल्या, कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, आणि रातोरात अख्ख्या खानदानाचं रक्त सळसळलं. ग्रुपवर अभिमानाचे मेसेज, निषेधाचे मेसेज, मग ऑनलाइन कुठे स्वस्त मिळते याची लिंक. जरूर घाला. मात्र भाद्रपदातल्या पावसात भिजवू नका, आणि ती दाराबाहेर काढावी लागते, म्हणजे फोटोत येणारच नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा.

आता नऊवारी लूक. ‘लूक’ महत्त्वाचा, नऊवारी नाही. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते नेसायला वेळ लागतो, कुणीतरी शिकवावं लागतं, ओचा खोचावा लागतो, काष्टा घालावा लागतो. एवढं कोण करत बसणार? शिवलेली आणा. ब्राह्मणी, पेशवाई, शाही मस्तानी असे प्रकार आहेत. (मस्तानी बुंदेलखंडातून आली. तिच्या नावाचा काष्टा एक दिवस चेन लावून विकला जाईल, हे तिला कुणी सांगितलं नसावं.) पायजम्यासारखे पाय घालायचे, मागची चेन ओढायची, दोन मिनिटांत तयार. निऱ्या कायमच्या शिवणीत बंद. ज्या साडीत बायका गुडघाभर चिखलात भात लावायच्या, कोळणी माशांची पाटी घेऊन होडीतून उतरायच्या, विहिरीवरून घागरी आणायच्या, दळायच्या, कांडायच्या, ती शिवून घेतली की तिच्यात मांडी घालून पाटावर बसता येत नाही. ही प्रगती समजून घ्या. आमच्याकडे गौरीपूजनाच्या दिवशी सहा जणी शिवलेल्या नऊवारीत होत्या आणि सहाही जणी उभ्या होत्या. वाकता येईना म्हणून एकीनेही फुलं उचलली नाहीत, वाती केल्या नाहीत, ताटाभोवती रांगोळी काढली नाही. नऊवारी नेसून कामाला हात न लावणाऱ्या बायका मी आयुष्यात प्रथमच बघितल्या.

गौरींनाही सूट नाही बरं का. दरवर्षी ज्येष्ठा-कनिष्ठेला सासूबाईंच्या वेळच्या दोन साड्या नेसवतात, एक हिरवी आणि एक लाल, जरीच्या काठाच्या. यंदा बॅकड्रॉपला जाईनात म्हणून दोघींना लव्हेंडर ऑर्गेंझा आला. ऑर्गेंझाच्या निऱ्या लोखंडी स्टँडवर उभ्या राहात नाहीत, हे ऑनलाइन मागवताना कुणाला सुचलं नाही. मोठ्या काकू पहाटेपासून एकट्या पिना लावत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी स्टुलावर चढून मुखवटे त्यांनीच बसवले. निऱ्या चापून बसेपर्यंत उतरल्या नाहीत. त्यानंतर पुरणाला बसल्या. या माझ्या यजमानांच्या थोरल्या काकू. आमच्या घरात जन्मभर नऊवारी नेसलेल्या त्या एकट्या उरल्या आहेत. गौरीपूजनाला त्या दरवर्षीसारखी टोपपदराची इरकली नेसून आल्या होत्या. पदर लाल, अंग गडद जांभळं. ग्रुपवर त्या नाहीत. त्यांच्याकडे बटनांचा फोन आहे.

तर ग्रुप फोटो. यासाठी माझा सल्ला नीट ऐका, कारण सण यासाठीच असतो. नैवेद्याचं ताट वाढून झालं की लगेच आरती सुरू करायची नाही. आधी रिंग लाइट लावायचा. मग उंचीप्रमाणे उभं राहायचं. मग रंगाप्रमाणे. पिस्ता आणि पीच शेजारी नकोत. मग आरती म्हणायची, पण अर्ध्यात थांबायचं, कारण व्हिडिओचं बटण दाबलंच गेलेलं नसतं. मग परत ‘सुखकर्ता’पासून. तोवर पुरणपोळी गार. सोळा भाज्या गार. कापूर विझलेला. लहान मुलं भुकेने रडकुंडीला आलेली, त्यांना ‘स्माइल, स्माइल’ म्हणून दटावायचं. तिसऱ्या खेपेला ‘ओवाळू आरत्या’पर्यंत पोहोचलो तेव्हा आमच्या पुतणसुनेने मोबाइल खाली घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, ‘मोठी आजी, तुम्ही एक मिनिट साइडला बसता का? फ्रेममध्ये तुमचा रेड फार उठून दिसतोय.’

मोठ्या काकू काहीच बोलल्या नाहीत. ‘हो हो,’ म्हणाल्या, गुडघ्यावर हात ठेवून पाटावरून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

ज्या गौरींना त्यांनी पहाटे पाचला उठून साड्या नेसवल्या, त्या गौरींच्या आरतीतून त्यांना उठवलं. कुणी अवाक्षर काढलं नाही. कुर्तेवाले तर मोबाइलमध्ये स्वतःचे केस बघत होते. मीही आत जायला निघाले तर मागून हाक: ‘काकू, तुम्ही कुठे? तुम्ही तर पिस्ता आहात!’

हो, मी पिस्ता होते. बहिणीकडून मागून आणलेली पिस्ता. मी आरतीचं तबक तिथल्या तिथे ठेवलं आणि सांगितलं की मोठ्या काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्याशिवाय आरती होणार नाही. व्हिडिओ तर मुळीच होणार नाही. दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग यजमान आत जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले. आरती झाली. व्हिडिओ ‘खराब’ आला म्हणे.

आता सल्ले पुरे. ग्रुपवरच्या पोरींनो, तुमच्याशी सरळ बोलते.

तुम्हाला नटायची हौस आहे ना, नटा. आम्हीही नटलो. माझ्या सासूबाई गौरीला ठेवणीतला शालू काढायच्या, आत्या मुंबईहून जॉर्जेट नेसून यायच्या, एक नणंद तर बेलबॉटम घालून आली होती. सगळ्या वेगवेगळ्या दिसायच्या, आणि कुणाची साडी कुणी दिली, काठ कुठला, केवढ्याला, यावर दुपारभर गप्पा व्हायच्या. जिच्याकडे नवीन नव्हती ती जुनी नेसून यायची, आणि तिला बाजूला बस असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तुमच्या हुकमामुळे यंदा काय झालं ते सांगू? आमच्या धाकट्या जावेच्या नवऱ्याची नोकरी सुटून काही महिने झालेत. तिने तीन दिवसांचे तीन पोशाख कुठून आणायचे? ती आलीच नाही. ‘सर्दी झाली’ म्हणाली. सर्दी! तुमच्या बदामांच्या रांगेखाली तिने ‘सुपर्ब’ लिहिलं होतं, तेही वाचलं मी. त्या दिवशी तिच्या घरी कसलंच सणाचं जेवण नव्हतं, मी डबा पाठवला म्हणून गौरीचं पुरण तिच्या मुलांच्या तोंडात पडलं. माहेरवाशिणी घरी येतात म्हणून हा सण, आणि घरचीच बाई कपड्यांपायी घरात येऊ शकत नाही. कसला डे टू?

आणि फोटो झाल्याबरोबर ती शिवलेली नऊवारी सोडून टी-शर्टवर जेवायला बसलात. सगळ्याच्या सगळ्या सहा जणी. गौरीसमोर पंधरा मिनिटंही अंगावर ठेवली नाहीत. जेवणं झाल्यावर सोफ्यावर बसून फिल्टर निवडत होतात. तेव्हा मोरीत कोण होतं? मोठ्या काकू, मी, आणि पदर खोचून आलेल्या आमच्या कामाच्या मावशी, ज्यांच्या स्वतःच्या घरी गौरी होत्या आणि ज्या तुमची पन्नास ताटं उरकून त्या पूजेला पळणार होत्या. त्यांच्या साडीचा रंग कुठला होता, विचारा बघू एकमेकींना. कुणाला आठवणार नाही.

पुढच्या वर्षी गौरी आमच्याकडे आहेत, डोंबिवलीला, दोन खोल्यांत. रिंग लाइट लावायला जागा नाही. ग्रुपवर कसलाही हुकूम येणार नाही, आला तर मी काढून टाकीन. ज्याला जे घालायचं ते त्याने घालून यावं, पण आरती एकदाच होईल आणि वेळेवर होईल. ज्या पोरींना नऊवारीची एवढी हौस आहे त्यांनी आदल्या रात्री राहायला यावं. मोठ्या काकू पहाटे पाचला नेसायला शिकवतील. आंघोळ करून बसा. आणि शिवलेली आणू नका.