कांडी, धोटा आणि कॅश मेमरी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी पण वेगवान स्मृती, हिच्यावरील लेखात मी यंत्रमागाचा दृष्टांत दिला होता : गोदामातले सूत म्हणजे रॅम (संगणकाची मोठी पण संथ मुख्य स्मृती), आणि धोट्यात (आडवा धागा घेऊन मागावर ये-जा करणाऱ्या साधनात) बसवलेली कांडी (सुताची छोटी गुंडाळी) म्हणजे कॅश. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. कॅशमुळे प्रोसेसरचा वेग वाढतो हे विधानच चुकीचे, हा पहिला. आणि कांडीवरचे सूत एकदा विणले की संपते, कॅशमधली माहिती मात्र पुनःपुन्हा वापरता येते, म्हणून दृष्टांत फसवा, हा दुसरा.

पहिला आक्षेप मान्य. कॅशने प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचे ठोके वाढत नाहीत, वाट पाहण्यात फुकट जाणारे ठोके वाचतात. एल-वन, म्हणजे प्रोसेसरला सर्वांत जवळच्या, कॅशमधली माहिती चार-पाच ठोक्यांत हाती येते. रॅमपर्यंत जाऊन यायला ६० ते १०० नॅनोसेकंद, म्हणजे तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे १८० ते ३०० ठोके जातात.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी थोडा अडून बसणार आहे (सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाची ही खोड समजावी). पुनर्वापर हा कॅशचा अर्धाच लाभ. उरलेला अर्धा शेजाराचा. प्रोसेसरने चार बाइटचा एकच आकडा मागितला, तरी बहुतेक यंत्रांत रॅममधून ६४ बाइटांची अख्खी ओळ उचलून आणली जाते, म्हणजे आणखी पंधरा आकडे न मागता येतात. एका धाग्यासाठी कोणी गोदामात जात नाही. सी भाषेत ४०९६ बाय ४०९६ आकड्यांचा तक्ता घ्यावा (यात एका आडव्या रांगेतले आकडे मेमरीत लागोपाठ बसतात), कंपायलरचे ऑप्टिमायझेशन (वेगासाठी त्याने आपणहून केलेले फेरफार) बंद ठेवावे, आणि त्याची बेरीज आधी आडवी, मग उभी करून पाहावी. दोन्ही वेळा प्रत्येक आकडा एकदाच वापरला जातो, अगदी कांडीवरच्या सुतासारखा. तरीही आडव्या बेरजेत सोळा आकड्यांमागे एक फेरी पुरते, तर उभ्या बेरजेत दर आकड्याला नवी ओळ आणावी लागते आणि तिच्यातल्या पुढच्या आकड्याची पाळी येईपर्यंत ती एल-वनमधून बाहेर पडलेली असते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ही बेरीज वीस वेळा फिरवली, तेव्हा फरक घड्याळ न लावताही कळला.

तरी पुनर्वापराचा लेखात उल्लेखच नव्हता, ही उणीव माझीच. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ‘स्लेव्ह मेमरी’ची, म्हणजे आजच्या कॅशची, कल्पना मांडली, तेव्हा एकदा आणलेला शब्द पुढच्या वापरासाठी जवळ ठेवणे हेच तिचे काम म्हणून सांगितले होते, म्हणजे साक्ष आपल्याच बाजूची आहे. ‘वेग वाढतो’ या जागी ‘खोळंबा कमी होतो’ अशी दुरुस्ती आता केली आहे. कांडी मी काढलेली नाही, पण तिच्या जोडीला जकार्डच्या (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेच्या) छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ घातली आहे : चादरीवरची नक्षी पुन्हा सुरू झाली की तेच पुठ्ठे फिरून येतात, जशा लूपमधल्या (प्रोग्रॅमच्या पुनःपुन्हा चालणाऱ्या भागातल्या) त्याच त्या सूचना.