चुंबक चिकटलं म्हणून चाकू नकली ठरत नाही

रविवारी दुपारी कोपरीहून मामांचा फोन आला, "अरे, माझा चाकू नकली निघाला." मामांचं वय 71. दर रविवारी सकाळी मंडळींबरोबर येऊरला चालायला जातात आणि खिशात घडीचा चाकू असतोच, पेरू-काकडी चिरायला. आठ वर्षांपूर्वी जांभळी नाक्यावर 150 रुपयांना घेतलेला, साधा देशी.

त्यांच्या चालण्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "देशी चाकू ओळखा, फसवणूक टाळा". त्यातले मुद्दे असे : चुंबक चिकटलं तर लोखंडाची भेसळ. पातं गॅसवर लाल करून पाण्यात बुडवा, अस्सल पोलाद आणखी कडक होतं. लिंबाने डाग पडला तर माल बोगस. जड तो चांगला. तीन इंचांवरचं पातं खिशात सापडलं तर थेट अटक. आणि शेवटी, 500 रुपयांखालचा देशी चाकू घेऊच नका. हाच मेसेज मला आणखी दोघांकडून आलाय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

संध्याकाळी गेलो तेव्हा चाकू ओट्यावर पडला होता. प्लॅस्टिकची मूठ एका बाजूने ओघळलेली, मागची पट्टीची स्प्रिंग मेलेली, पातं उघडलं तरी लटलट हलत होतं. टोकाकडे काळी खपली आणि तिच्यामागे निळा-जांभळा पट्टा. आठ वर्षं बिनतक्रार चाललेली वस्तू पाच मिनिटांत संपली. मामांचा राग मात्र दुकानदारावर!

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये काम करतो. डाय-पंचांना (पत्रा कापायच्या-दाबायच्या साच्यांना) पाणी देणं, म्हणजे पोलाद तापवून झटक्यात थंड करून कडक करणं, हे माझं रोजचं काम आहे. साधं कार्बन पोलाद 800 अंशांच्या आसपास तापवून झटक्यात थंड केलं की कडक होतं, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं ठिसूळ राहतं. म्हणून ते पुन्हा मंद तापवून, साधारण 150 ते 250 अंशांवर, टेम्परिंग करतात. कारखान्यातून आलेल्या पात्यावर हे दोन्ही संस्कार झालेले असतात. घरच्या शेगडीवर पातं सगळीकडे सारखं तापत नाही. टोक पातळ, ते आधी लाल होतं, मागचा भाग अर्धवट राहतो. मामांच्या पात्यावरचा निळा पट्टा म्हणजे तिथलं कार्बन पोलाद 300 अंशांच्या आसपास पोहोचलं, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. टोक ठिसूळ, मधला भाग मऊ. कितीही भारी चाकू घ्या, या चाचणीत तो मरणारच. आणि ठिसूळ झालेलं टोक नारळाच्या करवंटीत अडकवून पिळलं, तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्याने एवढा तरी विचार करायला हवा होता.

आता चुंबक. हा गैरसमज भांड्यांच्या दुकानातून आलाय. डबे, पातेली ज्या 304 स्टेनलेसची असतात, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. त्याला चुंबक जवळपास चिकटत नाही, म्हणून भांडं पारखताना चुंबक लावायची सवय लागली. पण त्या स्टीलला पाणी देऊन कडक करताच येत नाही. त्याचा चाकू केला तर चार काकड्यांत बोथट होईल. पात्यासाठी वापरतात ते स्टेनलेस कडक होणारं असतं आणि त्याला चुंबक चिकटतंच. स्विस बनावटीच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूला लावून पाहा, टपकन चिकटेल. म्हणजे पोलादी पात्याला चुंबक चिकटलं नाही तरच शंका घ्यायची. मेसेजमध्ये बरोबर उलटं लिहिलंय.

त्याच व्हिक्टोरिनॉक्सचे आकडे बघण्यासारखे आहेत. रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर (आकडा जास्त तेवढं कडक) पातं 56, कात्री 53, स्प्रिंग 49. एकाच चाकूत तीन वेगळे कडकपणे, कारण स्प्रिंगला लवायचं असतं आणि पात्याला धार धरायची असते. 'जास्तीत जास्त कडक तेच अस्सल' हे खूळ तिथेच निकालात निघतं.

लिंबाचा डाग? आजीची विळी कैरी चिरली की काळी पडायची. ती बोगस होती का? कार्बन पोलादाला डाग पडणारच, पुसून कोरडं ठेवायचं, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं. वजनाचा दर्जाशी काही संबंध नाही.

अटकेचं म्हणाल तर शस्त्र नियमांत मर्यादा 9 इंच लांबीची किंवा 2 इंच रुंदीची आहे, आणि घरगुती वापराची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा चाकू बाळगायलाही बंदी घालता येते. तेवढ्या दिवसांत तो घरी ठेवावा.

शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. स्वस्त देशी चाकूंत एकसारखेपणा नसतो. एकाच खोक्यातला एक चाकू महिनाभर धार धरतो, दुसरा आठवड्यात गोल होतो, कारण पाणी देण्याकडे नीट लक्ष दिलेलं नसतं. खटकेही कधीकधी ढिले असतात. पण म्हणून 'घेऊच नका'? पारखून घ्या की!

पातं उघडून आडवं हलवा, डुगडुगलं तर ठेवून द्या. मिटवताना ते मुठीच्या बरोबर मध्ये बसतंय का, बाजूला घासतंय का बघा. धार ट्यूबलाइटखाली सरळ डोळ्यांसमोर धरा. जिथे पांढरी रेघ चमकेल तिथे ती बोथट आहे. घरी आणून धार लावली की पितळी कांबीवर धारेची कड हलकेच दाबून ओढा. उजेडात बघितलं तर कड किंचित लवताना दिसते. लवून परत सरळ झाली तर पाणी नीट दिलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपची उडाली तर ठिसूळ.

मामांना काल नाक्यावर घेऊन गेलो. दुकानदाराने सात चाकू काढून ठेवले. चार डुगडुगले, एक मिटवताना घासत होता. उरलेल्या दोनांतला मामांनी लाकडी मुठीचा घेतला, 180 रुपये. घरी आल्यावर धार लावून कांबीवर ओढला, कड लवली आणि सरळ झाली. मामा चष्मा वर करून दोनदा बघत होते. मग फोन काढून त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं : "गॅसवर तापवू नका. माझा गेला."