ओबीबी फोनमध्ये आहे, तरी म्हणे गेम विकत घेतलेला नाही!

पैसे मोजून घेतलेला गेम. दीड जीबीची ओबीबी, म्हणजे गेमची चित्रं-आवाज असलेली वेगळी डेटा फाइल, अँड्रॉइड फोनमध्ये कॉपी केलेली. आणि गेम उघडला की स्क्रीनवर काय, तर ‘तुम्ही हे अ‍ॅप विकत घेतलेलं नसावं, म्हणून डाउनलोड अयशस्वी.’ अरे, चोर कुणाला म्हणता?

हे वाक्य गूगलच्या डाउनलोडर लायब्ररीत, म्हणजे डाउनलोडसाठीच्या तयार कोडमध्ये, आयतं येतं आणि पोर्ट करणाऱ्यांनी, म्हणजे दुसरीकडचे गेम अँड्रॉइडवर आणणाऱ्यांनी, ते तसंच उचललंय. होतं असं की गेमला फाइल सापडत नाही, मग तो ती प्ले स्टोअरकडे मागतो, तिथे परवान्याची तपासणी फसते आणि खापर फुटतं आपल्या डोक्यावर. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाने हवी होती, हे त्या कोडला नेमकं माहीत असतं. एक ओळ छापायला काय जातं?

घोडं बहुतेक वेळा पेंड खातं नावात. नाव असं लागतं: मेन, टिंब, व्हर्जन कोड, टिंब, पॅकेजचं (म्हणजे अ‍ॅपचं सिस्टममधलं) नाव, टिंब, ओबीबी. म्हणजे ‘मेन.12.कॉम.एक्झाम्पल.गेम.ओबीबी’. यातला 12 म्हणजे सेटिंग्जमध्ये दिसणारं 1.2.0 नव्हे. तो आत दडलेला पूर्णांक असतो. त्यातही गोम अशी की एपीके (अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल) 15 वर गेलं आणि डेटा बदलला नाही, तर फाइल 12 चीच चालू राहते. त्यामुळे एपीकेचा कोड बघून नाव बदलणारेही तोंडावर आपटतात. खात्री करायची तर फोन कॉम्प्युटरला जोडा, एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं टूल) वापरून लॉगकॅट, म्हणजे फोनची चालू नोंदवही, सुरू करा, गेम उघडा आणि त्यात पॅकेजचं नाव शोधा. बरेच गेम न सापडलेल्या फाइलचा अख्खा पाथ तिथे टाकतात. लॉगमध्ये लिहिता येतं, मग स्क्रीनवर का नाही?

त्यात ब्राउझर शेवटी ‘.झिप’ चिकटवतो, दुसऱ्यांदा उतरवली तर ‘(1)’ जोडतो. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, म्हणून नाव ‘.ओबीबी.ओबीबी’ होऊन बसतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. फाइल अँड्रॉइड, ओबीबी, मग पॅकेजच्या नावाचं फोल्डर, यात थेट हवी. झिप उघडताना त्याच नावाचं फोल्डर फोल्डरात तयार होतं, तेही बघा.

आणि कृपा करून ओबीबी स्वतः उघडून पुन्हा झिप करू नका! बऱ्याच ओबीबी आतून झिपच असतात हे खरं, पण आवाज आणि व्हिडिओ मुद्दाम न दाबता ठेवलेले असतात, कारण गेम ते फाइलमधूनच थेट वाचतो. नेहमीसारखं कॉम्प्रेस केलंत की गाणी गायब. शिवाय कित्येक गेम आकार बाइटनिशी ताडून पाहतात. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच नापास होते आणि गेम पुन्हा सगळं डाउनलोड करायला बसतो.

अँड्रॉइड 11 पासून तर साधा फाइल मॅनेजर या फोल्डरात सहसा हात घालू शकत नाही. केबल लावून कॉम्प्युटरवरून कॉपी करा, नाहीतर एडीबी पुश (फाइल फोनवर पाठवायची एडीबीची कमांड) वापरा, तो जास्त भरवशाचा. नुसता फोन दहादा रीस्टार्ट करून काही होत नाही.

सगळं जागेवर असून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) काळे दिसत असतील तर जुन्या पोर्टमध्ये वेगळाच घोळ असतो: अ‍ॅड्रिनो, माली, पॉवरव्हीआर, टेग्रा, प्रत्येक जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) डेटा निराळा. दुसऱ्याच्या फोनमधली ओबीबी उचलून आणली की हे होणारच.

हा ओबीबीचा प्रकार 2012 चा. तेव्हा एपीकेला 50 एमबीची मर्यादा होती, म्हणून मेन आणि पॅच अशा 2 जीबीपर्यंतच्या दोन फाइलींची सोय निघाली. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवर नव्या अ‍ॅपसाठी ती बंद झाली. जुने पोर्ट मात्र तिथेच अडकलेत, आणि विकणारे अजून विकतायत.

वर ‘अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका’ असा सल्ला देणाऱ्यांचा तर संताप येतो. अनइन्स्टॉल केलं की ओबीबीचं फोल्डरही पुसलं जातं! आधी ती फाइल कॉम्प्युटरवर काढून घ्या, मग काय ते करा.