व्हॉल्व्हला हात न लावता पाण्याचा दाब कसा वाढवावा

सकाळचे सात वाजलेत. अंगाला साबण लागलाय. शॉवरमधून पाणी येतंय, पण पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून येतं तसं, एकेक थेंब, पुढचामागचा विचार करून. अशा वेळी सुजाण फ्लॅटधारकाने शॉवरकडे मुळीच बघू नये. टॉवेल गुंडाळावा, फोन हातात घ्यावा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावं, "वरची चावी कुणी फिरवली?"

चावी म्हणजे पाण्याच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह. शब्द नीट निवडा. 'चावी का अडली?' असं विचारलंत तर पुढे पाना लागतो, शिडी लागते, बाह्या वर कराव्या लागतात. 'कुणी फिरवली?' याला नुसता अंगठा पुरतो. शिवाय दहा मिनिटांत वॉचमन, टाकी धुणारा पोऱ्या आणि गेल्या वर्षीचे सेक्रेटरी असे तीन संशयित हाताशी येतात.

शॉवरची चकती उघडून बघण्याचा मोह होईल, तो आवरा. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार तिच्या छिद्रांत बसतात आणि निम्मी छिद्रं बुजतात, हे खरं आहे. पांढरं व्हिनेगर पिशवीत भरून ती रात्रभर शॉवरला रबरबँडने बांधून ठेवली, की पुष्कळदा सकाळी पाणी पूर्वीसारखं पडतं, हेही खरं आहे. नळाच्या तोंडाची जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासली तरी तेच होतं. पण मग वार्षिक सभेत तुम्ही बोलणार काय?

तसंच बादली आणि घड्याळ. दोन्ही वस्तू घरात आहेत, पण त्यांची गाठ पडू देऊ नका. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, हा हिशोब पाचवीतलं पोरगंही करतं. एकदा का हे आकडे खोलीवार कागदावर आले, की भांडणाची सगळी मजा जाते. एकाच नळाला कमी येतंय? मग त्या नळाची जाळी नाहीतर बेसिनखालची भिंतीतली छोटी चावी, म्हणजे अँगल कॉक. फक्त गरम पाणी कमी? मग गिझरच्या आसपास बघा. घरभर कमी, पण शेजारी भरपूर? मग घरात शिरणाऱ्या लाइनीवरची चावी अर्धवट बंद आहे. एवढं समजलं की खालच्या मजल्यावरच्यांना शिव्या कशाच्या जोरावर घालायच्या?

खालच्या मजल्यावरचे पाणी 'ओढून घेतात' यावर तर तुमची श्रद्धा अढळ हवी. कुणी अर्धवट शहाणा सांगेल की पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ साधारण १ बार दाब देतो, आणि मजला ३ मीटरचा. सात मजली इमारतीत टाकीच्या पायाशीच राहणाऱ्याच्या शॉवरवर पाण्याची उंची जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. सहा मजले खाली, पहिल्या मजल्यावर, २.१ बार. सातपट! त्यात कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, पाणी आपलं खाली जातं. पण हे पटवून घेणं अवघड आहे, कारण तुम्ही बिल्डरला 'फ्लोअर राइज' भरलाय. मजल्यागणिक चौरसफुटाला जास्त पैसे मोजून आपण हवा, उजेड आणि टेकडीचा देखावा विकत घेतला, आणि त्याच हिशोबाने मजल्यागणिक ०.३ बार दाब सोडून दिला, हे ब्रोशरमध्ये कुठे छापलेलं नव्हतं. सुंदर पोहण्याचा तलाव छापला होता. त्यात दाबाचा प्रश्न येत नाही.

आता गच्चीवर जाऊ. जायचं असेल तर, म्हणजे.

टाकीखाली पाच-सहा चाव्या ओळीने असतात. कुठली कुठल्या विंगची, ते लिहून ठेवू नका. ऑइलपेंटचा छोटा डबा आणि दहा मिनिटं यांत हे काम होतं, म्हणून तर ते वीस वर्षं राहिलेलं असतं. ते ज्ञान फक्त एका माणसाच्या डोक्यात असावं आणि तो माणूस गावी गेलेला असावा. ज्या बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाला समांतर तो चालू, आडवा तो बंद. इतकी उघड खूण कुणालाही कळेल, म्हणून आमच्या वॉचमनने सगळे दांडे काढून स्वतःच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवले. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

गोल चाकाचे जुने पितळी गेट व्हॉल्व्ह मात्र वेगळ्या जातीचे. त्यांच्या आत पाचरीसारखी झडप वरखाली होते. ती एकतर पूर्ण वर असावी किंवा पूर्ण खाली. अधेमधे ठेवली तर पाण्याच्या धारेत थरथरते, तिची कड झिजते आणि मग कितीही आवळा, पाणी पुरतं बंद होत नाही. म्हणून कमिटीने सर्वानुमते ठराव करून ती नेमकी अर्धी ठेवावी. 'ए विंग म्हणते उघडा, बी विंग म्हणते बंद करा, आपण मध्यम मार्ग काढू.' लोकशाहीला मध्यम मार्ग मानवतो. पितळेला मानवत नाही.

दर सहा महिन्यांनी अशी प्रत्येक चाकाची चावी एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडावी आणि मग किंचित, पाव फेरा, मागे आणावी, म्हणजे क्षार बसत नाहीत आणि ती आखडत नाही, असं जुने प्लंबर सांगतात. त्यांचं ऐकू नका. मी ऐकलं नव्हतं. मग एका रविवारी, ताटात वरणभात वाढलेला असताना, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममधला अँगल कॉक मुळापासून तुटला. मी गच्चीवर धावलो. पहिली चावी बंद केली. सी विंगमधून आरडाओरडा आला. दुसरी जागची हलेना. तिसऱ्या चावीचं चाक फिरलं, छान फिरलं, गोल गोल फिरतच राहिलं, आणि मग हातात आलं. आतली झडप तिथेच, निश्चिंत. शेवटी टाकी रिकामी झाल्यावर पाणी थांबलं. पाणी बंद करण्याची हीसुद्धा एक पद्धत आहे, आणि तिला पाना लागत नाही. लागतं ते खालच्या मजल्यावरच्यांचं नवं फॉल्स सीलिंग.

गच्चीवर आहातच तर तो आकाशाकडे तोंड करून उभा असलेला उघडा पाइपही बघून घ्या. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यात आणलं ते मोटरीशिवाय, नुसत्या उताराच्या बळावर, आणि नळाला मोकळा श्वास घेता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. आपला हा पाइप त्याच घराण्यातला. त्यातून कधीमधी पाणी उडतं म्हणून एखादा जागरूक सभासद त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबतो. मग टाकी धुतली की लाइनीत हवा अडकते आणि चार दिवस सगळ्यांचे नळ दमेकऱ्यासारखे खोकतात. निदान तेवढ्यासाठी तरी पिशवी राहू द्या. पुन्हा प्रश्न विचारता येतो: टाकी कुणी धुतली?

एवढं करून भागलं नाही तर पंप घ्या. प्रेशर पंप ही स्टेटसची गोष्ट आहे. तुम्ही घेतलात की त्याच लाइनीवरच्या खालच्यांचं पाणी कमी होईल आणि तेही घेतील. मग त्यांच्याहून मोठा तुम्ही. पंपाला वळसा घालणाऱ्या बायपास लाइनीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, मात्र बसवू नका. नसला की पंपाने दाबलेलं पाणी मागच्या वाटेने फिरून पुन्हा पंपातच येतं. वीजबिल वाढतं, शॉवर तसाच, पण आवाज असा येतो की काहीतरी चाललंय याची खात्री पटावी. रात्री दोन वाजता पंप आपोआप दोन सेकंद चालून बंद होत असेल, तर वास्तुतज्ज्ञाला बोलवा. फ्लशच्या टाकीचा फ्लोट झिरपतोय, त्यामुळे दाब उतरतो आणि पंप जागा होतो, असलं रूक्ष कारण तो कधीच सांगणार नाही.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांचं दुःख उलटं, म्हणून त्यांना वेगळा सल्ला. ४० मजल्यांचा टॉवर म्हणजे सरळ खाली आलेल्या लाइनीत १२ बार. तेवढ्याने खालच्या घरातले नळ उडतील, म्हणून ठरावीक मजल्यांनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, ज्याला सगळे नुसतं 'पीआरव्ही' म्हणतात. त्यात एक स्प्रिंग, एक पडदा, पुढे एक जाळी. माथ्यावरचा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की स्प्रिंग दबते आणि घरातला दाब वाढतो. दाबमापक न लावता फिरवा. दाबमापकाला काही शे रुपये पडतात आणि तो नको ते बोलतो. नळ बंद असताना काटा ठीक, नळ उघडताच कोसळला, तर जाळी गाळाने भरलीये. सगळे नळ बंद आणि काटा तरी हळूहळू चढतोय, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय किंवा ती झिजलीये. म्हणजे दोन्ही वेळा व्हॉल्व्ह उघडून साफ करणं आलं. त्यापेक्षा स्क्रू आणखी एक फेरा पिळा आणि ऑफिसला जा. फ्लशच्या टाकीची नळी निसटली की फोन येईलच.

गिझरच्या व्हॉल्व्हबद्दल मात्र मला थट्टा जमत नाही. गिझर चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात आणि लोक त्यावर एम-सील लिंपतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर नेलं की ते फुगून सुमारे अर्धा लिटर वाढतं. त्याला मागे टाकीकडे जायला वाट नसेल तर ते त्या छोट्या भोकातूनच बाहेर पडतं. पडू द्या. खाली नळी लावा, मोरीत सोडा. थेंब गिझर बंद असतानाही थांबत नसतील तर प्लंबरला बोलवा, पण ते भोक बुजवू नका.

हां, प्लंबर. तो येतो, नळ उघडतो, बंद करतो, भिंतीला कान लावतो आणि म्हणतो, "साहेब, लाइनच चोक आहे. फोडून नवी टाकावी लागेल." यावर ताबडतोब 'हो' म्हणावं. 'आधी जाळी बघता का?' असं विचारून त्याचा अपमान करू नये. टेफ्लॉन टेप तो आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळत असेल तर नजर दुसरीकडे वळवावी. मी एकदा वळवली नाही. तो म्हणाला, "मग तुम्हीच करा." मी केलं. त्या जोडातून आजही थोडं पाझरतं, पण टेप बरोबर दिशेने आहे.

एवढ्या सूचना असूनही, एखाद्या शनिवारी घरात कुणी नसताना, तुमचा तोल जाऊ शकतो. तुम्ही शॉवरची चकती व्हिनेगरमध्ये टाकता, जाळ्या घासता, गच्चीवर जाऊन आपल्या विंगची चावी हळूच पुढे-मागे, पुढे-मागे करत सोडवता आणि पूर्ण उघडता. असं झालंच तर हात धुवा, पाना वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि कुणालाही काही सांगू नका. सकाळी सात वाजता ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज येईल: "आज अचानक पाणी फार जोरात येतंय. चावी कुणी फिरवली?"

खाली तुमचाही अंगठा टाका. प्रश्नचिन्हासह.